आडात भरपूर आहे, दोर तोकडा पडतो

लढाऊ विमानाच्या छायाचित्राखाली लिहिलेला एक मराठी मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : विमान ‘९ जीच्या वेगाने’ वळते, तेव्हा वैमानिकाच्या रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि मेंदू गुदमरतो, रक्त लोखंडाइतके जड होते आणि हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन सुटून जातो, असे होऊ नये म्हणून वैमानिकाच्या तोंडावर शुद्ध ऑक्सिजनचा मुखवटा बसवलेला असतो, बेशुद्धीपूर्वी डोळ्यांपुढे अंधारी येतेच, त्यामुळे सावध वैमानिकाला भीती नसते, ९ जीच्या पुढे माणूस जिवंत राहत नाही, अशा प्रत्येक वळणात मेंदूच्या हजारो पेशी मरतात, आणि रोज कपालभाती करणाऱ्याला यातले काहीही होत नाही. मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू वैमानिकांविषयी आदर निर्माण करण्याचा असावा, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातल्या शरीरशास्त्राविषयी.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हण या मजकुराच्या मुळाशी आहे. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, त्या अर्थी तो रक्तात उरला नसणार, असे लेखकाने गृहीत धरले आहे, आणि बाकीच्या बहुतेक चुका या एका गृहीतकातून निघालेल्या आहेत. प्रत्यक्षात आड काठोकाठ भरलेला असतो आणि तोकडा पडतो तो दोर.

मुद्द्यांकडे वळण्यापूर्वी ‘९ जीचा वेग’ या शब्दप्रयोगाचा निकाल लावलेला बरा. जी हा वेग नव्हे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने सरळ जाणाऱ्या प्रवासी विमानात चहाचा कप जागचा हलत नाही आणि प्रवाशावर १ जी, म्हणजे त्याच्या नेहमीच्या वजनाएवढाच भार असतो, कारण वेग कितीही असला तरी तो बदलत नसतो. वेगाचे मोजमाप किंवा त्याची दिशा किती झपाट्याने बदलते, त्यावर जी ठरतो. पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटर आहे आणि त्याची नऊपट म्हणजे ९ जी. लोहगावच्या तळावरून उडालेले सुखोई-३० पुण्याच्या आकाशात करकचून वळताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की त्या वळणात ७० किलोचा वैमानिक ९ जीला आसनावर ६३० किलोंचा भार टाकत असतो आणि शिरस्त्राणासह सहा-सात किलो भरणारे त्याचे डोके मानेला साठ किलोंचे वाटत असते. हा भार डोक्याकडून पायांकडे पडतो, आणि पुढच्या सगळ्या विवेचनात ही दिशा फार महत्त्वाची आहे.

आता मुख्य विधान : ‘रक्तातला ऑक्सिजन संपतो.’

पुण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरचा नळ कोरडा पडला, तर खडकवासला आटले असे कोणी म्हणत नाही. दाब कमी पडला, पाणी वर चढले नाही, एवढेच आपण समजतो. बसलेल्या माणसाच्या हृदयापासून मेंदूपर्यंतचे उभे अंतर सुमारे ३० सेंटिमीटर असते. एवढा रक्ताचा स्तंभ उचलून धरण्यासाठी १ जीमध्ये पाऱ्याचे सुमारे २२ मिलिमीटर इतका दाब खर्ची पडतो. हृदयापाशी सरासरी रक्तदाब १०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे तुम्हीआम्ही खुर्चीत बसलेलो असताना मेंदूच्या पातळीला तो अठ्ठ्याहत्तरच्या घरात भरतो. जी वाढला की तोच ३० सेंटिमीटरचा स्तंभ तितक्या पटींनी जड होतो. ३ जीला ६६ मिलिमीटर केवळ चढणीत जातात आणि मेंदूपाशी ३४ उरतात. साडेचार जीच्या आसपास काहीच उरत नाही. ९ जीला तर रक्त डोक्यापर्यंत नुसते टेकवायलाच हृदयापाशी सुमारे २०० मिलिमीटर दाब हवा. त्याच वेळी पायांकडे आणि पोटाकडे ओढले गेलेले रक्त तिथल्या शिरांमध्ये साचते, हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ मंदावतो आणि पंपालाच पाणी कमी पडू लागते. या सगळ्या काळात धमनीतल्या प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन असतोच. तो फक्त वर पोहोचत नाही.

हे गणित कागदावरचे वाटत असेल, तर जिराफाकडे पाहावे. त्याचा मेंदू हृदयापासून सुमारे दोन मीटर उंचावर असतो आणि म्हणून त्याच्या हृदयापाशी सरासरी रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्याच्या खालच्या पायांवरची कातडी इतकी घट्ट असते की रक्त तिथे साचू शकत नाही. वैमानिकाचा जी-सूट, म्हणजे पाय आणि पोट आवळणारा त्याचा पोशाख, दुसरे काही करत नाही.

गणितापेक्षाही मोठा पुरावा घड्याळाचा आहे. फुप्फुसांतून येणारा ऑक्सिजन कमी झाला, तर शुद्ध हरपायला वेळ लागतो. साधा निरोगी माणूस मिनिटभर श्वास रोखून धरतो आणि शुद्धीवर असतो. सुमारे ७,६०० मीटर उंचीवर मुखवटा काढलेल्या माणसालाही ३ ते ५ मिनिटे काम करण्याइतके भान राहते. जी-भाराखाली मात्र पाचसात सेकंदांत माणूस गळून पडतो. इतक्या थोड्या वेळात सबंध शरीरातल्या पाच लिटर रक्तातला ऑक्सिजन संपणे शक्यच नाही. उलट मेंदूचा रक्तपुरवठा अचानक तोडला तर नेमका एवढाच वेळ लागतो, हे १९४३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून दिसले होते. रॉसेन, काबॅट आणि अँडरसन या तिघांनी माणसांच्या गळ्याभोवती फुगवता येणारा पट्टा बांधून मेंदूकडे जाणारे रक्त क्षणात थांबवले, आणि सरासरी सुमारे ७ सेकंदांत त्यांची शुद्ध गेली. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने असला प्रयोग दारातूनच परत पाठवला असता, पण निष्कर्ष निःसंदिग्ध आहे. त्या माणसांच्या छातीत, हातापायांत, धमन्यांत ऑक्सिजनची कसलीही कमतरता नव्हती.

हे पाचसात सेकंद कोठून येतात? मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के आहे, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. एवढा खर्चिक असूनही त्याच्याकडे साठवण जवळजवळ नाही. स्नायूंमध्ये ऑक्सिजन धरून ठेवणारे मायोग्लोबिन असते. मेंदूत तशी सोय नाही. ओघ थांबला त्या क्षणी मेंदूच्या केशवाहिन्यांत आणि ऊतींत जेवढा ऑक्सिजन असेल, तेवढ्यावर तो चारसहा सेकंद निभावतो. हातावर पोट असणाऱ्याच्या घरात जेवढे धान्य असते, तेवढेच हे.

मेंदूतला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजताही येतो. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे तांबड्याच्या टोकाचा आणि त्याच्या पलीकडचा प्रकाश हाड व ऊती भेदून आत जातो, आणि ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन तो वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यामुळे कपाळावर चिकटवलेल्या संवेदकाने आतल्या रक्ताची स्थिती समजते. १९८८ मध्ये ब्रिटनच्या डेव्हिड ग्लेस्टर यांनी योब्सिस यांच्यासह ही पद्धत जी-भाराखालच्या माणसावर वापरली, आणि नंतर ती जगभरच्या मानवी सेंट्रिफ्यूजमध्ये गेली. मानवी सेंट्रिफ्यूज म्हणजे लांब बाहूच्या टोकाला कोठडी आणि त्या कोठडीत गरगर फिरणारा माणूस. भारतीय हवाई दलाच्या बंगळूरु येथील एरोस्पेस मेडिसिन संस्थेतही असे यंत्र आहे. या मोजमापांतला फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. विरळ हवेत ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन घटते आणि ऑक्सिजनविरहित तितकेच वाढते, म्हणजे रक्त तिथेच असते पण काळपट पडलेले असते. जी-भाराखाली ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनबरोबर एकूण हिमोग्लोबिनही घटते, म्हणजे रक्तच तिथून उतरलेले असते. कपाळाच्या कातडीतले रक्तही या आकड्यात मिसळते आणि तेही खाली उतरते, म्हणून हा आकडा जपूनच वाचावा लागतो. तरीही आडात पाणी नाही की दोर तोकडा आहे, या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

एक गोष्ट मजकुराच्या लेखकाच्या बाजूने सांगायलाच हवी, नाहीतर प्रतिवाद एकांगी होईल. जी-भार बराच वेळ टिकला तर धमनीतल्या रक्ताचा ऑक्सिजनही खरोखर काहीसा उतरतो. भाराखाली फुप्फुसांतले रक्त तळाकडे जाते आणि हवा मात्र वरच्या भागात खेळत राहते. तळाच्या बारीक श्वासनलिका मिटतात आणि तिथून जाणारे रक्त ऑक्सिजन न घेताच परतते. पण हा परिणाम सावकाश वाढतो. पाचव्या-सातव्या सेकंदाच्या बेशुद्धीचे कारण तो होऊ शकत नाही.

‘रक्त लोखंडाइतके जड होते’ हे विधान आकड्यांपुरते बरोबर आहे. रक्ताची घनता १.०६ आणि लोखंडाची सुमारे ७.९, तेव्हा साडेसात जीच्या सुमारास तेवढ्याच आकारमानाचे रक्त जमिनीवरच्या लोखंडाइतका भार टाकते. पण त्यावरून रक्त घट्ट होते किंवा हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते असे म्हणणे म्हणजे वजन आणि रसायन यांची गल्लत करणे होय. गल्लीतल्या कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताची नळी हजार जीच्या वर दहा मिनिटे फिरवतात. रक्तपेशी तळाला बसतात, पण हिमोग्लोबिनवरचा ऑक्सिजन गळून पडत नाही. रेणूंना बांधून ठेवणाऱ्या बलांपुढे ९ जी किस झाडकी पत्ती.

मुखवट्याचा मुद्दा अधिक विचार करण्यासारखा आहे, कारण या गैरसमजाला दिसणारे कारण आहे. लढाऊ वैमानिकाच्या तोंडावर मुखवटा असतो हे खरे, आणि त्यातून ऑक्सिजन येतो हेही खरे. मात्र तो असतो उंचीसाठी. प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये जितका दाब राखतात, तितका लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये राखत नाहीत, म्हणून वैमानिकाला श्वासातून जादा ऑक्सिजन द्यावा लागतो. जी-भारावर त्याचा फारसा उपयोग का होत नाही, हे साध्या गुणाकारातून कळते. मेंदूला मिळणारा ऑक्सिजन म्हणजे रक्ताचा ओघ गुणिले त्या रक्तातला ऑक्सिजन. निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या हवेतच ९७-९८ टक्के भरलेले असते. त्याला जमिनीवर शुद्ध ऑक्सिजन दिला तर १०० मिलिलिटर रक्तामागे दीडदोन मिलिलिटरची भर पडते, म्हणजे विसाचे बावीसही होत नाहीत. ओघ शून्याकडे गेला असताना दुसरा आकडा दहा टक्क्यांनी वाढवून गुणाकारात काय पडणार?

उलट शुद्ध ऑक्सिजन इथे अपायच करू शकतो. साध्या हवेतला नायट्रोजन रक्तात सहज शोषला जात नाही, त्यामुळे बंद झालेल्या वायुकोशांना तो आतून टेकू देतो. फुप्फुसाच्या तळाच्या नलिका जी-भाराने मिटल्या आणि आत फक्त ऑक्सिजन अडकलेला असला, तर रक्त तो पाहतापाहता शोषून घेते आणि वायुकोश मिटतात. वैमानिकाला छातीत दुखते, खोल श्वास घेताना खोकल्याची उबळ येते. पोटाभोवती आवळलेला जी-सूट छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर ढकलून यात भरच घालतो. अमेरिकेच्या एफ-२२ विमानांच्या वैमानिकांना येणाऱ्या खोकल्याची २०१२ च्या सुमारास बरीच चर्चा झाली, तेव्हा हेच कारण पुढे आले होते. म्हणून कमी उंचीवर वैमानिकाच्या श्वासात मुद्दाम नायट्रोजन राहू देणे ही या क्षेत्रात चांगली मानली गेलेली रीत आहे.

मुखवट्याचा जी-भाराशी खरा संबंध एकाच ठिकाणी येतो आणि तोही ऑक्सिजनमुळे नव्हे. काही आधुनिक विमानांत साधारण ४ जीच्या पुढे मुखवट्यातून येणारी हवा दाबाने छातीत भरली जाते आणि ९ जीला हा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत जातो. छातीतला दाब वाढला की हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा दाबही तितका वाढतो. त्या नळीतून ऑक्सिजनऐवजी नुसती हवा आली असती तरी हे काम झाले असते.

जी-सूटबद्दल मजकूर काहीच बोलत नाही, हे नवल आहे, कारण या साऱ्या कथेचा नायक तोच. कॅनडाचे विल्बर फ्रँक्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणी भरलेला सूट तयार केला. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अर्ल वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेने फुगणारा सूट आणि त्याच्या जोडीला द्यायचा शरीराचा जोर यांवर काम केले. सूट पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळतो आणि साधारण एक ते दीड जीची भर घालतो. बाकीची तीनचार जीची भर वैमानिकाला स्वतःच्या अंगमेहनतीने घालावी लागते. बद्धकोष्ठ झालेला माणूस कुंथतो किंवा हमाल पोते उचलताना कुंथतो, तसाच तो पाय, नितंब आणि पोट आवळून, घसा मिटून, छातीतल्या हवेवर जोर देतो. तीन सेकंद झाले की एका सेकंदाच्या आत झटक्याने थोडी हवा सोडून पुन्हा भरून घेतो, कारण छाती सतत दाबून धरली तर हृदयाकडे परतणारे रक्तच अडते. सेंट्रिफ्यूजच्या कोठडीतला वैमानिक जे हुंकार टाकताना ऐकू येतो, ते यामुळे.

यावरून कपालभातीच्या दाव्याकडे जाता येते. प्राणायामाच्या इतर गुणांविषयी इथे काही म्हणायचे नाही. पण भराभर श्वास टाकल्याने मेंदूतला ऑक्सिजन वाढतो ही समजूत उलटी आहे. जलद श्वसनाने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण तो आधीच भरलेला असतो; कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. तो उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्याच्या दाबातल्या पाऱ्याच्या प्रत्येक मिलिमीटरच्या घटीमागे मेंदूचा ओघ सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. फुगे फुगवताना भोवळ येते, ती याच कारणाने. वळण घेण्याच्या आधी वैमानिकाने जोरजोराने श्वास टाकले, तर तो सुरुवातच अर्ध्या भरलेल्या पोहऱ्याने करील. त्याच्या उपयोगाच्या गोष्टी फार साध्या आहेत : मांड्यापोटऱ्यांची ताकद, भरपूर पाणी, पुरेशी झोप, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये घोटून घेतलेली ती कुंथण्याची लय.

आता सर्वांत धोकादायक विधान : ‘अंधारी आधी येतेच, म्हणून सावध वैमानिकाला भीती नसते.’ वाचकाने हे विधान खरे मानले तर त्याचे फारसे बिघडत नाही. वैमानिकाने मानले तर त्याचा जीव जातो.

अंधारी आधी का येते, ते पाहू. जी सावकाश वाढवत नेला तर आधी कडेचे दिसेनासे होते, रंग उडून सगळे करडे दिसू लागते, मग बोगद्यातून पाहावे तसे मधले तेवढे उरते, आणि शेवटी पूर्ण काळोख होतो. त्या काळोखातही वैमानिक शुद्धीवर असतो, ऐकतो, उत्तर देतो. याचे कारण मेंदूत नसून डोळ्यात आहे. डोळा आतून १५ ते २० मिलिमीटर दाबाने फुगलेला असतो आणि दृष्टिपटलात शिरणाऱ्या रक्ताला हा दाब ओलांडावा लागतो. वर पाहिलेच आहे की १ जीची किंमत सुमारे २२ मिलिमीटर आहे. तेव्हा डोळ्याचा रक्तपुरवठा मेंदूच्या आधी, एकाहून थोड्या कमी जीच्या फरकाने बंद पडतो. १९४५ मध्ये मेयो क्लिनिकच्या एडवर्ड लँबर्ट यांनी हे फार देखण्या रीतीने पडताळले. डोळ्यांवर घट्ट बसणाऱ्या चष्म्यासारख्या कवचातून त्यांनी हवा ओढून घेतली, आणि एरवी ज्या भाराला अंधारी आली असती, त्या भारालाही माणसाला दिसत राहिले. मेंदूच्या बाबतीत आणखी एक सवलत आहे. तो बंद कवटीत, पाण्यासारख्या द्रवात बुडालेला असतो. धमनीतला दाब उतरतो त्याबरोबर त्या द्रवाचा आणि मेंदूतून उतरणाऱ्या शिरांचा दाबही उतरतो, त्यामुळे रक्तवाहिन्या चेपल्या जात नाहीत आणि ओघ थोडा वेळ तग धरतो.

पण ही सगळी क्रमवारी जी सावकाश वाढला तरच दिसते. आजचे लढाऊ विमान एका सेकंदात ६ जीच्या पुढे उडी घेऊ शकते. अशा वेळी दृष्टिपटल आणि मेंदू या दोघांचाही पुरवठा जवळजवळ एकाच क्षणी तुटतो आणि दोघेही आपापल्या चारसहा सेकंदांच्या शिदोरीवर येतात. शिदोरी संपली की दोघेही एकदमच थांबतात. करडा पडदा नाही, बोगदा नाही. माणूस लख्ख दिसत असतानाच बेशुद्धीत जातो. मानेतल्या धमन्यांत दाब मोजणारे संवेदक असतात आणि ते हृदयाला जोर करायला सांगतात, पण त्यांची मदत पोहोचायला सहा ते दहा सेकंद लागतात. शिदोरी त्याच्या आत संपलेली असते. अॅलिस स्टोल यांनी १९५६ मध्ये अमेरिकी नौदलासाठी आखलेला आलेख याच कारणाने दरीसारखा दिसतो : अगदी थोड्या वेळाचा मोठा भार माणूस सहज सोसतो, थोडा अधिक टिकला की सहनशक्ती एकदम खाली येते, आणि दहाएक सेकंदांनंतर शरीर सावरल्यामुळे ती पुन्हा थोडी वर चढते. जत्रेतल्या किंवा उद्यानातल्या रोलर कोस्टरवर क्षणभर ४-५ जी येऊनही शाळकरी मुले हसत उतरतात, ती या दरीच्या अलीकडच्या काठावरून. तिथला भार सेकंद-दोन सेकंदांत संपतो आणि शिदोरी शिल्लक असते.

सावध वैमानिकालाही फसवणारी आणखी एक परिस्थिती आहे. विमानाचे नाक खाली दाबून उणे जी, म्हणजे पायांकडून डोक्याकडे पडणारा उलटा भार घेतला तर रक्त डोक्याकडे लोटते, मानेतले संवेदक दाब वाढल्याचे कळवतात आणि हृदय मंदावते. त्याच क्षणी वैमानिकाने विमान वर ओढले, तर मंदावलेल्या हृदयावर डोक्याकडून पायांकडचा जी येऊन पडतो आणि एरवी सहज सोसला असता, असा भारही त्याला झेपत नाही.

‘९ जीच्या पुढे माणूस जगत नाही’ या वाक्यात दिशा आणि वेळ या दोन्ही गोष्टी गाळलेल्या आहेत. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर जॉन स्टॅप हे हवाई दलाचे डॉक्टर रॉकेटवर चालणाऱ्या गाड्यावर स्वतः बसले, ताशी हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेले आणि १.४ सेकंदात थांबले. त्यांच्यावर ४६.२ जी आला. डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले आणि १९९९ मध्ये ८९ व्या वर्षी वारले. भार छातीच्या रेषेत, आडवा होता; हृदय आणि मेंदू यांच्यामधली चढण त्या रेषेत जवळजवळ नव्हतीच. सोयुझ यानातले अंतराळवीर पाठीवर पडून जातात ते याचसाठी. १९८४ मध्ये राकेश शर्माही असेच गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोयुझचे उड्डाण अर्ध्यावर सोडून कुपी खाली आली, तेव्हा आतल्या दोघांनी ६.७ जी सोसले आणि ते सुखरूप उतरले. बसलेल्या, सूट न घातलेल्या माणसाला डोक्याकडून पायांकडे आलेला तेवढा भार काही सेकंदांत बेशुद्ध करील. ९ जी ही माणसाच्या मरणाची रेषा नसून सूट, जोर आणि सराव यांच्या आधाराने शुद्धीत राहून विमान चालवण्याची रेषा आहे.

राहता राहिली पेशी मरण्याची भीती. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यावर पेशींची कायमची हानी सुरू व्हायला काही मिनिटे लागतात. वैमानिकांच्या भाषेत जी-लॉक म्हणतात, त्या बेशुद्धीत ओघ काही सेकंदच तुटलेला असतो, कारण शुद्ध गेली की हात सैल पडतो, वळण सुटते आणि जी आपोआप उतरतो. सेंट्रिफ्यूजमध्ये असे बेशुद्ध होऊन पूर्ववत झालेल्यांच्या शेकडो नोंदी आहेत, आणि जेम्स व्हिनरी यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून निघालेली गोष्ट मजकुरातल्या भीतीपेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करणारी आहे. ओघ परत आला, मेंदूत ऑक्सिजन पूर्ववत झाला, तरी माणूस लगेच जागा होत नाही. सरासरी १२ सेकंद तो पूर्ण बेशुद्ध असतो, त्यातच हातपाय झटकतो, काहींना छोटेसे स्वप्नही पडते. त्यानंतर जवळपास तितकाच वेळ तो भांबावलेला असतो आणि समोरची कळ ओळखत नाही. बरेच जण तर आपण बेशुद्ध झालो होतो हेच नाकारतात, कारण त्यांना ते आठवत नाही.

ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान या २४ सेकंदांत पाच किलोमीटरहून अधिक अंतर कापते आणि बहुधा नाक खाली करून कापते. वैमानिक मरतात ते पेशी मरून नव्हे, तर जमिनीवर आदळून. म्हणून अलीकडचे प्रयत्न मेंदूत ऑक्सिजन भरण्याकडे न जाता विमान सावरण्याकडे गेले. २०१६ मध्ये अॅरिझोनात एफ-१६ चालवणारा एक प्रशिक्षणार्थी सुमारे ८.३ जीला बेशुद्ध पडला आणि विमान जमिनीकडे झेपावले. दुसऱ्या विमानातला प्रशिक्षक रेडिओवर ‘रिकव्हर’ म्हणून ओरडत राहिला. ते ऐकण्याच्या स्थितीत तो नव्हता. जमिनीशी टक्कर टाळणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेने अंतर मोजले, विमान सरळ केले आणि वर ओढले, तेव्हा कुठे वैमानिक भानावर येत होता.